शनिवारचा हात

मूळ मजकूर एका ओळीचा आहे. सिपोरा कोळवटकर रोज सकाळी सहाला रंजना ढेबेच्या गोठ्यासमोर जाऊन बसते.

पुढची सगळी भर.

पहिली भर अशी, की ती नुसती बसत नाही, नजर ठेवते. रेवदंड्याच्या अलीकडे कोळवट नावाचं गाव, त्यात बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांची, बावीस घरं. मध्यंतरी पाचच उरली होती. मग इस्रायलला गेलेल्यांची मुलं एकेक करून परत आली आणि येताना तिकडचे कडक नियम घेऊन आली. त्यातला एक दुधाचा. परक्याच्या गोठ्यातलं दूध प्यायचं तर धार काढताना आपल्यातलं कोणीतरी हजर हवं. कारण, न जाणो, गवळ्याने त्यात निषिद्ध जनावराचं दूध मिसळलं तर? डुकरिणीचं, गाढविणीचं, उंटिणीचं. आसपास उंट म्हणाल तर एकच होता, तो काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरायचा, आणि तो नर होता. पण नियम म्हणजे नियम.

भरीवर भर अशी, की पाहणाऱ्याने खरोखर पाहायलाच हवं असंही नाही. जुन्या पंडितांनी बारीक विचार करून ठरवलं होतं: माणूस गोठ्याबाहेर अशा जागी बसलेला हवा, की उठला तर आतलं दिसेल. तो कधीही उठेल ही धास्ती गवळ्याला पुरते.

म्हणजे दूध शुद्ध राहायचं ते धास्तीने. हे काम सिपोराला शोभायचं. पंचवीस वर्षं तिने अलिबागच्या शाळेत गणित शिकवलं होतं, आणि परीक्षेच्या वर्गात ती असली की मुलं पेनाचं टोपणसुद्धा विचारून उघडत. नवरा गेल्यावर ती कोळवटला आली. धाकटा भाऊ हननेल तिथे हझान होता, म्हणजे सिनेगॉगमधली प्रार्थना चालवणारा आणि नियमांचा निकाल देणारा. "ताई, संशयी माणूस हवा आहे," तो म्हणाला होता. याला आता एकोणीस वर्षं झाली.

एकोणीस वर्षं रंजना रोज आतून ओरडायची, "काय गं बाय, आज डुकरिणीचं किती घातलं ते विचारलं नाहीस?"

आणि सिपोरा बाहेरून म्हणायची, "तुझ्या तोंडावरून कळतंय. अर्धा लिटर."

*

तिर्झा पुण्याहून आली ती पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र घेऊन. सिपोराची ही एकुलती एक मुलगी दुधाच्या प्रयोगशाळेत काम करायची. आईच्या कमरेचं दुखणं आणि पहाटेची दोन किलोमीटरची चाल यावर ती गेली चार वर्षं फोनवर भांडत होती. आता भांडण संपलं, अशा थाटात तिने तो डबा ओट्यावर ठेवला.

"याला वाचक म्हणतात."

"काय वाचतो?"

"दूध. एक थेंब टाकायचा, दहा मिनिटं थांबायचं. मग तू कशाला जायला हवीस?"

"मला जायला नको आहे असं कोणी सांगितलं तुला?"

तिर्झाने सरळ समजावून सांगायला सुरुवात केली. आईला समजावून सांगितलेलं आवडतं हे तिला माहीत होतं. दुधात प्रथिनांचे लांब धागे असतात. म्हशीचा धागा गाईच्या धाग्यासारखाच दिसतो, पण मधल्या काही कड्या वेगळ्या. उंटिणीच्या आणखी वेगळ्या. वाचकात एक पातळ पडदा होता, त्याला इतकी बारीक छिद्रं की एका वेळी एकच धागा ओवला जावा. पडद्याच्या आरपार किंचित वीज वाहत असते. धागा छिद्रातून सरकताना ती अडते, प्रत्येक कडीला वेगळी अडते, आणि त्या अडखळण्यावरून धागा कोणाचा ते यंत्र सांगतं. शिवाय कासेतून झडलेल्या पेशी दुधात उतरलेल्या असतात. त्यांची जनुकं वाचली की म्हैससुद्धा कोणती ते कळतं.

"लाख थेंबांत एक थेंब दुसऱ्या जनावराचा असला तरी पकडतो," तिर्झा म्हणाली. "तुझे डोळे पकडतील?"

"माझ्या डोळ्यांना पकडायचं नसतं. त्यांना नुसतं असायचं असतं. आणि चाचणी कधी घेणार?"

"सुरू झालीय. तीन आठवडे मामा रोजच्या कॅनमधून एकेक बाटली भरून फ्रीजरमध्ये ठेवतोय. आज सगळ्या वाचायच्या. परवा रविवारी सिनेगॉगमध्ये निकाल."

"मला न सांगता?"

"तूच म्हणायचीस ना, परीक्षेची तारीख सांगावी, प्रश्न सांगू नयेत. तुला तर मी तारीखही नाही सांगितली." तिर्झा हसली. मग यंत्राचं झाकण पुसता पुसता सहज बोलल्यासारखं म्हणाली, "फक्त हातांची कटकट असते. धार काढणाऱ्याच्या हाताची कातडी झडते ना, ती पण दुधात येते. यंत्र चालवणाऱ्याची पण. माझा ठसा आधी वजा करावा लागतो, नाहीतर सगळा गोंधळ."

"हातही कळतात?"

"नाव नाही कळत. हात किती आणि कोणत्या दिवशी कोणता, एवढं कळतं. का गं?"

सिपोराने एक भांडं घासायला घेतलं. ते घासलेलंच होतं.

*

खर्डा पहिला.
शनिवारी सिपोरा गोठ्यासमोर बसली होती.

खर्डा दुसरा.
शनिवारी सिपोरा गोठ्यासमोर बसली होती. इतर दिवशी रंजनाची सून पल्लवी धार काढून देते आणि मग नर्सच्या ड्यूटीला जाते. शनिवारी तिची ड्यूटी पहाटेची. रंजनाच्या बोटांचे सांधे दोन वर्षांपासून धरलेले. चंद्री ही मोठी म्हैस धार काढायच्या यंत्राला पान्हा सोडत नाही, तिला माणसाचा हात लागतो.

खर्डा तिसरा.
शनिवारी सिपोरा गोठ्यासमोर बसली होती. चंद्री हंबरत होती. कास तटतटली होती. आत रंजना म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून बसली होती आणि बोटं मिटत नव्हती. सिपोरा उठली. उठली तर आतलं दिसेल अशीच तिची जागा होती, आणि तिला दिसलं. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, धार काढणं हे काम आहे आणि काम वर्ज्य आहे. पण मुकं जनावर तळमळत असेल तर काही पंडितांनी सूट दिली आहे: धार काढा, मात्र जमिनीवर सोडा. दूध वाया गेलं पाहिजे. दूध हाती लागलं तर ते काम, नाही लागलं तर ती दया. सिपोराने चंद्रीचे सड धरले आणि अख्खं दूध शेणात सोडलं. रंजना बघत राहिली. म्हणाली, "ही कसली गं तुमची दया?"

खर्डा चौथा. हा कोणी वाचलेला नाही.
पुढच्या शनिवारी सिपोराने खाली बादली ठेवली.

त्याच्याही पुढच्या शनिवारी. आणि त्याच्याही. चौदा महिने. ते दूध रंजनाच्या फ्रिजमध्ये राहायचं आणि शब्बाथ सुटल्यावर बावीस घरांत जायचं, 'नजरेखाली काढलं' या सिपोराच्या सहीनिशी.

*

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आत, ती गोठ्यावर गेली. संध्याकाळी ती कधी जात नसे. रंजनाने पाटीतली पेंड कालवायची थांबवली.

"आज दोनदा संशय आला?"

सिपोराने सगळं सांगितलं. बाटल्या, वाचक, हात.

रंजनाने वाकड्या बोटांनी पेंडीतले दोन गोळे फोडले. मग म्हणाली, "तीन बाटल्यांत तुझा हात निघेल."

"तीन."

"मी सांगेन भाची येते म्हणून. नागावची. शनिवारची येते."

"तुला नागावला भाची आहे?"

"आता आहे."

"रंजना, खोटं बोलायचं नाही."

"तू का सांगतेस मला? तू सही करत होतीस." रंजनाने हात पदराला पुसले. "हे बघ, माझं काय जाईल? चार लोक नाक मुरडतील. तुझं तिकडं सगळं जाईल. भाऊ तुझा, माणसं तुझी. तू तोंड उघडू नकोस. बाकी मी बघते."

घरी येताना सिपोराला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी एक किडा डोक्यात शिरला. ही बाई इतक्या सहज खोटं बोलते? डोळ्याची पापणी न हलवता एक भाची जन्माला घालते? मग एकोणीस वर्षांत आणखी काय काय जन्माला घातलं असेल?

आणि तिर्झा. "का गं?" असं तिने का विचारलं? हातांचं शेवटी का सांगितलं, आणि इतकं सहज का?

आणि हननेल. बाटल्या तीन आठवड्यांच्याच का? पल्लवीचा फोन नंबर त्याच्याकडे कशाला असतो?

घरी पोचेपर्यंत जगात एकही माणूस सरळ उरला नव्हता.

*

रविवारी सकाळी सिनेगॉगमध्ये पन्नासेक माणसं जमली. रंजनालाही बोलावलं होतं. ती चपला काढून ओसरीवर उभी राहिली. कोणी आत ये म्हणालं नाही, कोणी नको असंही म्हणालं नाही.

तिर्झा उभी राहिली. "मामा, एक विचारते. गवळ्याचं दूध नजरेखाली काढलं पाहिजे, हे तोरात, मूळ धर्मग्रंथात, कुठे आहे?"

"नाही," हननेल म्हणाला. तो सडपातळ, सावकाश बोलणारा माणूस होता. बोलण्याआधी दाढीचं टोक चिमटीत धरायचा. "तोरात निषिद्ध जनावराचं दूध वर्ज्य आहे. नजर ठेवायची ती भर नंतरच्या पंडितांनी घातली. शेताला कुंपण घालतात तशी."

"आपले पूर्वज या किनाऱ्याला लागले तेव्हा त्यांच्याकडे ही भर होती?"

"नव्हती."

"तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. खवल्याची मासळी खायचे, मुलांची सुंता करायचे, एक प्रार्थना पाठ होती. शेकडो वर्षं एवढंच. ते यहुदी नव्हते?"

"ते आपल्यापेक्षा चांगले यहुदी होते," हननेल म्हणाला, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं. "पण तिर्झा, त्यांना जे माहीत नव्हतं ते त्यांनी पाळलं नाही. आपल्याला माहीत आहे."

"कारण काय होतं? भेसळीचा संशय. आता संशयाला जागाच नाही. कारण गेलं की नियम का उरावा?"

"यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, जिथे निषिद्ध जनावरच नाही तिथे नजर नको. दुसरं म्हणतं, सभेने मोजून मापून घातलेली भर कारण गेलं म्हणून आपोआप गळत नाही. ती काढायला तेवढीच मोठी सभा लागते." त्याने समोरच्या बाकांकडे पाहिलं. "आपण पन्नास आहोत, त्यातले बरेच नाश्त्यासाठी आलेत. तरी कागद वाच. काय निघालं ते ऐकून ठरवू."

कागद असा होता:

बाटल्या एकवीस.
जनावर: म्हैस. एकवीसपैकी एकवीस.
म्हशी सहा, सगळ्या याच गोठ्यातल्या.
अन्य जनावर: शून्य.
हात, रविवार ते शुक्रवार: अ.
हात, तिन्ही शनिवार: ब. अनोळखी. स्त्री.

याखाली कागद संपत होता. सिपोरा पहिल्या रांगेत होती. तिला दिसलं की खालची कड सरळ नाही. यंत्रातून निघालेला कागद यंत्र सरळ कापतं. ही कड कात्रीने कापली होती, घाईत, आणि एका जागी कात्री अडखळली होती.

तिने तिर्झाकडे पाहिलं. तिर्झा खिडकीबाहेर पाहत होती.

माझा ठसा आधी वजा करावा लागतो. म्हणजे यंत्राला तिर्झाचा हात पाठ होता. आईचा हात जनुकांत लेकीच्या हाताशी निम्मा जुळतो, आणि हे ज्याला दिसतं ते यंत्र तसं लिहिल्याशिवाय राहणार नाही.

"हा ब कोण?" मागून कोणी विचारलं.

"अ म्हणजे सून. मग शनिवारची कोण?"

सगळ्यांच्या माना ओसरीकडे वळल्या. रंजना म्हणाली, "भाची हाय माझी. नागावची."

"एकोणीस वर्षांत आम्हाला दिसली नाही ती."

"तुम्हाला म्हैस तरी दिसलीय का कधी?" रंजना म्हणाली. "दूध तेवढं दिसतं."

"मग बोलवा तिला. यंत्रावर बोट ठेवू दे."

रंजनाने पदर खांद्यावर ओढून घेतला. दोन दिवसांत भाची जन्माला घालता आली होती, तिचं बोट आणणं जमणार नव्हतं. बाकांवर कुजबुज सुरू झाली. लपवायचं नसतं तर नाव सांगितलं असतं. हातच लपवतात तर आणखी काय? यंत्राने दूध शुद्ध सांगितलं होतं, पण आता शुद्ध दुधातही काहीतरी असल्यासारखं वाटत होतं.

हननेलने दाढीचं टोक सोडलं. "पाहिलंस, तिर्झा? यंत्राने एक संशय पुसला आणि दुसरा उभा केला. ताई बाहेर बसलेली असताना एक अनोळखी बाई शब्बाथच्या दिवशी आत जाते, आणि मालकीण तोंडावर खोटं बोलते. म्हणून कुंपण लागतं. भर कायम राहील. ढेब्यांचं दूध आजपासून बंद. दुसरा गोठा बघू, आणि तिथे ताई बाहेर नाही, आत बसेल."

झालं. सिपोराची जागा राहिली. उलट दोन पावलं आत सरकली. ओसरीवर रंजना चपला शोधत होती. तिने एकदाच सिपोराकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात मागणी नव्हती. सिपोराला तेच सोसवलं नाही.

"हात माझा आहे," ती म्हणाली.

कोणाला ऐकू गेलं नाही. तिने उभं राहून वर्गात बोलायची त्या आवाजात पुन्हा सांगितलं. चौदा महिने. बादली. सही. भाची नाही.

तिर्झाने डोळे मिटले. हननेल अगदी हळू म्हणाला, "ताई, खाली बस."

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. पण ते धरता येत नाही. माणूस स्वतःच्या तोंडाने स्वतःला पापी ठरवू शकत नाही. अशी साक्ष घ्यायची नाही, असा नियम आहे. तू काय बोललीस ते या सभेसाठी बोललंच गेलं नाही."

तो तिला वाचवत होता. सगळ्यांना कळलं. शब्बाथ मोडणाऱ्या माणसाचा शब्द कशालाच चालत नाही. दुधाला नाही, मांसाला नाही, शेजारच्या पोरीच्या लग्नालाही नाही. या एका नियमाच्या आडोशाला ती उभी राहिली तर सगळं जिथल्या तिथे राहणार होतं. फक्त ओसरीवरची बाई खोटी ठरून घरी जाणार होती.

"हा नियम तोरात आहे?" सिपोराने विचारलं.

हननेलने तिला हातानेच बसायची खूण केली.

"हननेल."

"पंडितांनी काढलेला आहे."

"माणसांनी."

"माणसांनी. पण बंधनकारक आहे. ताई, बस ना गं."

"तुझ्यावर आहे. साक्ष घेणाऱ्यावर. तू घेऊ नकोस." ती तिर्झाकडे वळली. "कापलेली पट्टी काढ."

"कसली पट्टी?" तिर्झा म्हणाली. तिचा आवाज लहानपणी खोटं बोलताना व्हायचा तसाच झाला होता, वरच्या पट्टीत. "आई, काही नव्हतं खाली. रिकामा कागद होता."

काय मुलगी आहे, सिपोराच्या मनात आलं. सगळ्या नियमांची कारणं विचारत आली, आणि वेळ आली तेव्हा स्वतःच्या यंत्रालाच कुंपण घातलं. सिपोरा मेजाशी गेली. वाचकाच्या बाजूला अंगठ्याएवढी काचेची चकती होती, बोटाच्या कातडीवरून चालवणाऱ्याचा ठसा घ्यायची. तिच्यावर तिने उजव्या हाताचं बोट टेकलं. काच थंड होती. दहा मिनिटं कोणी उठलं नाही, नाश्त्यासाठी आलेलेसुद्धा.

ब: जुळतो.

*

यानंतरच्या घटना नियमाच्या पुस्तकात कुठे बसत नाहीत म्हणून इथे लिहून ठेवतो.

रंजनाचा गोठा बंद झाला नाही. खोटेपणाचा डाग पुसला गेला, भाचीबद्दल मात्र तिला अजून विचारतात. शनिवारी धार काढायला आता तिचा पुतण्या येतो, खराखुरा, नागावहून नव्हे, चौलहून.

सिपोराची सही गेली. तिच्या शब्दाने आता कोणाच्या घरी काही शिजत नाही. नियम कायम आहे, पण तो पाळायला माणूस नाही. पहाटे उठून दोन किलोमीटर चालायला बावीस घरांतून एकही जण पुढे आला नाही. हननेलने सांगितलं, जोवर कोणी बसत नाही तोवर दूध नाही.

कोळवटात कोरा चहा सुरू झाला.

पहिला आठवडा सगळ्यांनी पाळला. दुसऱ्या आठवड्यात लोक एकमेकांच्या घरी अवेळी जाऊ लागले, आणि बोलता बोलता ओट्याकडे नजर टाकू लागले. पातेल्याच्या तळाला साय दिसते का? हिच्या पोराच्या ओठावर पांढरं काय आहे? तिर्झाचा वाचक सिनेगॉगच्या कपाटात होता. त्याने दूध एकवीस वेळा शुद्ध सांगितलं होतं, आणि ते प्रत्येकाला माहीत होतं. मग कोणीतरी मागच्या दाराने आणतच असणार. कोण? ज्याच्यावर संशय घ्यायला नियम केला होता तो गवळी सुटला आणि बावीस घरं एकमेकांच्या कपात डोकावायला लागली. तिर्झा पुण्याला परत गेली. जाताना आईच्या पिशवीत तिने एक घडी केलेला कागदाचा तुकडा ठेवला. सिपोराने तो उघडला नाही. त्यावर काय आहे ते तिला माहीत होतं, आणि तो कापणाऱ्या हाताविषयी तिला अजून काही ठरवता येत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, हननेल गोठ्यावर आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं. सिपोरा आत बसली होती, रंजनाशेजारी, आणि दोघी चहा पीत होत्या. सिपोराच्या कपातला चहा दाट होता, दुधाचा.

"ताई," तो म्हणाला. "हे दूध कोणी पाहिलं काढताना?"

"मी."

"तुझी साक्ष चालत नाही."

"तुला कुठे देतेय? मी पाहिलं, मी पिते. स्वतःच्या डोळ्यांवर स्वतःचा विश्वास ठेवायला कोणाची सही लागते, सांग. आहे असा नियम?"

हननेलने दाढीचं टोक धरलं. पुस्तकांमागून पुस्तकं त्याच्या डोळ्यांसमोरून जात असावीत.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "तुझ्यापुरतं चालतं."

म्हणजे सबंध कोळवटात नियमाने दुधाचा चहा पिऊ शकणारी एकच बाई होती, जिच्यावर कोणाचा विश्वास नव्हता ती. हननेलने कपाकडे पाहिलं. चार आठवडे कोरा चहा प्यायलेल्या माणसाचं पाहणं होतं ते. मग तो रंजनाकडे वळला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलला.

"वहिनी, उद्या धार किती वाजता?"

रंजनाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. धोतर, चष्मा, वहाणा. सिपोराने इतक्या वर्षांत तिच्यावर जशी नजर ठेवली होती तशीच ती नजर होती, अगदी रीतसर.

"कोण येणार? तुम्ही, की तुमचं डबडं?"

"मी."

"उठाल?"

"उठेन."

"बघते," रंजना म्हणाली. "सहाला या. पाच मिनिटं उशीर झाला तर मी थांबणार नाही, म्हैसही थांबणार नाही. आणि आल्यावर हात दाखवायचे. कोणाचा काय भरवसा."